मर्यादवेल

केळशीला मामीच्या घरी दिवस सुरू होतो तो विहिरीवर. पंप बसून कितीतरी वर्षं झाली, तरी सकाळचा पहिला पोहरा ती हातानेच शेंदते. ओंजळभर पाणी तोंडात घेते, जरा थांबते आणि मग गिळते. "गोडं आहे," असं स्वतःशीच म्हणते आणि चुलीकडे वळते. ही तिच्या देवपूजेतलीच एखादी रीत असावी, असं लहानपणी मला वाटायचं. ती पाण्याची चव बघते हे कळायला बरीच वर्षं लागली, आणि त्या चव बघण्यात माझा वाटा आहे हे कळायला त्याहून जास्त.

या वर्षी मी कोजागिरीनंतर चार दिवसांनी गेले. दाराच्या चौकटीला नवं बांधलेलं होतं. भाताच्या लोंब्या, नाचणीचं कणीस, आंब्याची पानं आणि कुरडूचा एक तुरा, सगळं सुतळीने आवळून. लोंब्या अजून पुरत्या वाळल्या नव्हत्या. गावामागच्या शेतांत भातकापणी चालू होती आणि वाऱ्याबरोबर ओल्या पेंढ्याचा वास थेट ओटीपर्यंत येत होता.

मे महिन्यातलं कोकण सगळ्यांच्या ओळखीचं असतं. आंबे, फणस, सुट्टी, भरलेलं घर. पावसातलं कोकण बघायलाही आता माणसं आवर्जून येतात. आश्विनात मात्र कोणी फिरकत नाही. ऊन चटके देतं, हवा दमट असते, संध्याकाळी एखादा उशिरा आलेला गडगडाट सगळं भिजवून जातो. पण किनारा समजून घ्यायचा असेल, तर माझ्या मते यायचं ते याच दिवसांत. कारण वाळू परत येण्याचे हे दिवस.

हे मला मामीने दाखवलं. पुस्तकांतून पडताळलं ते नंतर. आषाढ-श्रावणात लाटा उंच असतात आणि एकीच्या पाठीवर दुसरी अशा आदळतात. पुळणीवरची वाळू त्या ओढून नेतात, पण फार लांब नाही. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर, पाण्याखाली, तिचे लांबट उंचवटे तयार होतात. भाद्रपद सरला की लाटांचा स्वभाव बदलतो. त्या संथ होतात, दोन लाटांमधला वेळ वाढतो, आणि नेलेली वाळू पसा-पसाभर परत आणून टाकू लागतात. श्रावणात जिथे काळसर, दगडगोटे उघडे पडलेला उतार असतो, तिथे आश्विनात पुन्हा मऊ पुळण भरू लागते. मामी तिच्यावरून अनवाणी चालते आणि पायानेच सांगते, "ही या पंधरवड्यातली. अजून बसली नाही."

त्या दिवशी नऊच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी होती. आम्ही आठला निघालो. मामी शहात्तर वर्षांची आहे, पण वाळूत तिची चाल माझ्यापेक्षा हलकी. मी टाच रोवून चालते आणि दमते. ती सगळं पाऊल एकदम टेकवते.

वाडीचं बेडं ओलांडलं की आधी केवडा लागतो, मग उंडीची दोन जुनी झाडं. उंडीखाली गोल, हिरवट फळं पडलेली होती. मामीच्या सासूच्या काळात या बियांचं तेल काढून दिवे लावत. आता फळं तशीच कुजतात, किंवा वटवाघळं नेतात. उंडीच्या पुढे वाळूचा उंचवटा सुरू होतो आणि त्याच्या समुद्राकडच्या अंगावर पसरलेली असते मर्यादवेल.

तिचं पान आपट्याच्या पानासारखं, मधोमध चिरलेलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर आम्ही मुलं ही पानंही वाटत असू, आणि वडीलधारी माणसं हसून घेत असत. फूल जांभळं, कर्ण्यासारखं. सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की मिटू लागतं. वेल दिसायला साधी, पण एकदा कडेला बसून तिची एक फांदी हळूच उचलून बघावी. पेऱ्यापेऱ्यावर मूळ फुटलेलं असतं. जमिनीवर लोळत पुढे जाते ती केवळ पसरायला नाही, प्रत्येक पेऱ्याला वाळू धरत जाते. वर वाळू साचली तर ती त्या वाळूतून पुन्हा डोकं वर काढते आणि नव्या थरात नवी मुळं सोडते. वाळू चढते तशी वेल चढते, वेल चढते तशी वाळू.

"समुद्राला सांगितलंय, इथवर ये," मामी म्हणते. "म्हणून मर्यादवेल."

तिच्या जोडीला असतं ते काटेरी गवत. पाती सुईसारखी ताठ. ओलांडताना पायाला ओरखडे निघणारच. त्याच्या बियांचे काटेरी गोळे सुटे होऊन वाऱ्याबरोबर पुळणीवरून घरंगळत जातात, थबकतात, पुन्हा धावतात. तमिळ किनाऱ्यावर याला रावणाची मिशी म्हणतात. ते ऐकल्यापासून मला ते गवत बघताना दर वेळी दशावतारातला रावण आठवतो.

वाळूचा डोंगर उभा राहतो तो या दोघांच्या जिवावर. सुका कण वाऱ्यात फारसा तरंगत नाही, तो उड्या मारत जातो. वीतभर उडतो, खाली आपटतो, आपटताना दुसऱ्या कणाला उडवतो. वाटेत गवताचा एक ठोंब आला की वारा तिथे अडखळतो आणि हातातलं ओझं टाकून पुढे जातो. ठोंबाच्या मागे शेपटीसारखा चिमूटभर ढीग होतो. त्याच्यावर पुन्हा वेल, पुन्हा वारा. राजस्थानच्या वाळवंटात टेकड्या सरकत राहतात. दापोलीच्या या पट्ट्यात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यामुळे आपल्याकडची वाळूची टेकडी हिरवी होते आणि एका जागी थांबते. लोकांना ती टेकडी वाटतच नाही. वाटतं, रान माजलेला उंचवटा आहे, साफ करून टाकावा.

उत्तरेकडे वळलो की सुरूचं बन लागतं. किनाऱ्याला वाऱ्याचा आडोसा म्हणून वन खात्याने कोकणभर सुरू लावले, त्यातलंच हे. झाड मूळचं आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचं. आमचं बालपण त्याच्या सावलीत गेलं, त्यामुळे त्याच्याविषयी वाकडं बोलताना मला आजही जड जातं. सुरूची काडी पेऱ्यापेऱ्याची असते. एका पेऱ्यावर ती अलगद तोडायची, पुन्हा जुळवायची आणि समोरच्याला विचारायचं, "ओळख, कुठे तोडली?" तासन्‌तास चाले हा खेळ. आणि तो आवाज! वारा नसतानाही सुरू बोलत असतात. समुद्राचा आवाज कुठे संपला आणि सुरूचा कुठे सुरू झाला, हे डोळे मिटून सांगता येत नाही.

पण बनात खाली बघितलं की दुसरी गोष्ट दिसते. तपकिरी काड्यांची जाड गादी, आणि तिच्यावर जवळजवळ काहीही नाही. मर्यादवेल बनाच्या कडेला येऊन थांबते. गवत थांबतं. भूतखेकड्यांची बिळंही कडेपर्यंतच. समुद्राच्या अगदी तोंडाशी सुरू लावले की अंडी घालायला येणाऱ्या कासविणींनाही मोकळी वाळू मिळत नाही. केळशीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासविणी येतात. खाडीपलीकडे, वेळासला, सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली घरटी राखायला सुरुवात केली आणि मग ते काम किनाऱ्यावरच्या कितीतरी गावांनी आपलं मानलं. मादीला हवी असते भरतीच्या रेषेच्या वरची, कोरडी, उकरता येणारी वाळू. हातभर खोल खड्डा करून ती अंडी घालते आणि पुन्हा मागे वळून न बघता पाण्यात जाते. पुढचे दीडएक महिने ती वाळूच त्यांची आई.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. ते धडकलं श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला, पण दापोली-मंडणगडचा किनारा त्याच्या तडाख्यातून सुटला नाही. त्या दुपारी मामी एकटी घरात होती. कौलं उडण्याचा आवाज पहिला आला, असं ती सांगते, आणि मग वाडीतल्या पोफळी मोडण्याचा. "काडीसारख्या गो. एक मोडली की दुसरीवर. मोजायचं मी सोडून दिलं." पंचवीस-तीस वर्षांचे माड मुळासकट आडवे झाले. एवढी झाडं पुन्हा उभी राहायची म्हणजे एका माणसाचं निम्मं आयुष्य, आणि मामीने हे त्या दिवशीच ओळखलं होतं. तरी आठवड्याने ती रोपं आणायला निघाली.

बनातले सुरूही पडले, एका बाजूला, ओळीच्या ओळी. आजही काही बुंधे तसेच आहेत, वाळूत अर्धे बुडालेले. मर्यादवेल मात्र दिसेनाशी झाली होती, कारण तिच्यावर वाळू येऊन पडली होती. श्रावणात ती हातभर वरच्या वाळूतून पुन्हा उगवली. मामीने हे सांगितलं तेव्हा आम्ही एका पडलेल्या बुंध्यावर बसलो होतो. समोर ओल्या पुळणीवर कुरव उतरले होते, उत्तरेकडून नुकतेच आलेले. सगळे वाऱ्याकडे तोंड करून.

बन संपलं की भारजा नदीच्या मुखाशी येतो, आणि तिथे केळशीची ती मोठी टेकडी. माडाएवढी उंच, सबंध वाळूची. आमच्या वाडीपुढचा उंचवटा हिच्यापुढे बांधासारखा वाटतो. गावात तिला नुसतं 'टेकडी' म्हणतात. तिच्या एका अंगाला पुलाच्या कामासाठी कापणी झाली आणि आतले थर उघडे पडले. खापऱ्या, हाडं, शंखशिंपले, पंधराव्या शतकातली नाणी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे अशोक मराठे यांनी या टेकडीचा अभ्यास केला आणि एक धाडसी मत मांडलं. ही वाळू वाऱ्याने हळूहळू आणलेली नाही, १५२४ सालच्या त्सुनामीने एकदम आणून टाकलेली आहे. त्या साली सप्टेंबरात वास्को द गामाचं आरमार भारताच्या किनाऱ्याजवळ होतं. दाभोळजवळच्या समुद्रात, वारा पडलेला असताना, जहाजं एकाएकी हेलकावू लागली, खलाशी घाबरले, असं पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवलं आहे. समुद्र आपल्याला भिऊन थरथरतोय, असं गामाने आपल्या माणसांना सांगितलं म्हणतात. त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो कोचीनला वारला.

मराठे यांचं मत सगळ्या अभ्यासकांना मान्य नाही, आणि त्या वादात पडण्याचा अधिकार माझा नाही. पण टेकडीच्या माथ्यावर बसले की मला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटतात. वीतभर उडणाऱ्या कणाचा धीर आणि एका दिवसात सगळं झाकून टाकणारा समुद्र. पाचशे वर्षांपूर्वी इथे कोणीतरी चूल पेटवली, मडकं उतरवलं, कमरेला नाणी खोचली, आणि ते सगळं आज वाळूच्या पोटात आहे. कापलेल्या बाजूला मी कधी फार वेळ उभी राहू शकत नाही. तिथली वाळू अजूनही गळते, पाय न लावताही.

माथ्यावरच मामी म्हणाली, "आपली टेकडी या वर्षी बरीच भरली. परतताना दाखवते."

आपली टेकडी म्हणजे वाडीपुढची. आता ते सांगायला हवं.

मी नऊ वर्षांची असताना मे महिन्यात मामाला म्हणाले होते, "मामा, समुद्र एवढा जवळ आणि अंगणातून दिसत नाही." मुंबईच्या चाळीतून आलेल्या मुलीचा हट्ट. दिसायचा तो वाळूचा उंचवटा आणि त्यावरची वेल. मामाला माझा शब्द कधी खाली पडू द्यायचा नसे. पुढच्या मे महिन्यात आम्ही गेलो, तर अंगणासमोर लख्ख समुद्र. चार गडी लावून, आठवडाभर घमेली वाहून, मामाने उंचवटा खाली करून घेतला होता. ती वाळू वाडीतल्या खोलगट भागात भर म्हणून टाकली. त्या सुट्टीत रोज संध्याकाळी आम्ही खाटेवर बसून सूर्य बुडताना बघितला. मला तेव्हा इतका आनंद झाला होता की तो आजही तसाच आठवतो. तो खोटा होता असं मी म्हणू शकत नाही.

तिसऱ्या वर्षी आषाढी अमावास्येच्या उधाणाला, वारा असताना, पाणी त्या मोकळ्या जागेतून आत आलं. रात्रभर वाडीत उभं राहिलं. सकाळी ओसरलं, पण विहीर मचूळ झाली. पोफळी पिवळ्या पडल्या. मामी दोन वर्षं शेजारच्या आळीतून प्यायचं पाणी आणत होती, डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी. आम्ही मे महिन्यात जायचो तेव्हा मामा पहाटे उठून पाणी भरून ठेवत असे. मुलांना कळू नये म्हणून. मामा गेल्यावर कितीतरी वर्षांनी, बोलता बोलता, मामीच्या तोंडून हे निघून गेलं, आणि मग तिला वाईट वाटलं की आपण बोललो.

वाळूचा उंचवटा लाट अडवतो हे दिसतं तरी. न दिसणारं काम जमिनीखाली चालतं. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहतं, कारण गोडं पाणी हलकं असतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी साठलेलं असू शकतं. वरचा मीटर गमावला की खालचा साठा त्याच हिशोबाने आटतो. समुद्रापासून दोनशे पावलांवरच्या विहिरीला गोडं पाणी लागतं, ते या हिशोबामुळे. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या आणि नंतर २०१९ च्या अधिसूचनेत वाळूच्या टेकड्या संवेदनशील जागांत धरल्या आहेत. ते वाचून मला बरं वाटलं होतं. पण अंगणातून समुद्र दिसावा असं वाटणारी माणसं दर वर्षी नवीन येतात, आणि त्यांच्यासाठी उंचवटे खाली होताना मी या किनाऱ्यावर अजूनही बघते. त्यांच्यावर रागावता येत नाही मला. माझा तोंडावळा त्यांच्यात दिसतो.

दुपारी जेवण झाल्यावर मामी आडवी झाली आणि मी एकटी दक्षिणेला उटंबरच्या डोंगराकडे गेले. पायथ्याच्या रानात शिरलं की उन्हाचा चटका एकदम मागे राहतो. किंजळ, ऐन, रानआंबा, मधूनच कलमांची बाग. सातवीण फुलली होती. तिचा वास दिवसा दबलेला असतो आणि दिवस कलला की वाट अडवून उभा राहतो. काहींना त्याने डोकं दुखतं. मला तो वास आला की दिवाळी आठ-दहा दिवसांवर आली असं वाटतं. दीपमाळेच्या केशरी फुलांची काटेरी कडी एकावर एक चढलेली. कुठेतरी धनेशाच्या पंखांचा फरफर आवाज झाला, पण पक्षी दिसला नाही. रानात फार वेळ थांबले नाही. मला वरून गाव बघायचं होतं.

वरून केळशी म्हणजे माडा-पोफळींचा एक हिरवा पट्टा. एका बाजूला कापलेली शेतं, त्यांत उडव्या रचलेल्या. दुसऱ्या बाजूला सुरूची गडद रेघ, मग फिकट वाळू, मग पाणी. त्या सगळ्यात सर्वांत बारीक रेघ टेकड्यांची. हिरवट-तपकिरी, कुठे जाड, कुठे पुसट. आमच्या वाडीसमोर ती अजूनही बसकी आहे. माहीत असलेल्या माणसाला ती जागा इथून ओळखू येते.

त्या जागेवर मामी गेली कितीतरी वर्षं एकच काम करते. गणपती गेले की वाळलेल्या झावळ्या वाळूत उभ्या रोवते, तिरक्या ओळीत, दोन झावळ्यांत हातभर अंतर ठेवून. मागे मर्यादवेलीचे तुकडे पुरते, दोन-दोन पेऱ्यांचे. माघापर्यंत झावळ्या निम्म्या बुडतात, आणि पुढच्या आश्विनात त्यांच्यावर नव्या. सुरुवात मामाने केली होती. त्याने ठोकलेला ऐनाचा एक खुंट अजून तिथे आहे, त्यावर कोयत्याने पाडलेल्या खाचा. खालच्या कितीतरी खाचा आता वाळूखाली गेल्या आहेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघींनी मिळून एकवीस झावळ्या लावल्या. देठाकडचा भाग कोपरभर खोल गेला पाहिजे, नाहीतर पहिल्याच वाऱ्याला झोपते, हे मामीने तीनदा सांगितलं आणि माझ्या दोन झावळ्या उपटून पुन्हा लावल्या. "मामी, तू बस, मी करते," म्हटलं तर ऐकायला तयार नाही. दहाच्या उन्हात वेलीची फुलं मिटत आली, तेव्हा कुठे आम्ही घरी गेलो.

दुपारी समुद्रावरून वारा सुटला. चारच्या सुमारास मी एकटीच बघायला गेले. पहिल्या ओळीतल्या झावळ्यांच्या मागे, आडोशाच्या बाजूला, वाळूच्या लहान लहान शेपट्या तयार झाल्या होत्या. मी खाली बसून हात लावून मोजल्या. सर्वांत मोठी चार बोटं होती.